सगळ्यांचं हो

त्या दुष्काळाच्या दोन वर्षांत माझ्या वर्गातल्या वह्या कुणा अधिकाऱ्यानं नीट उघडून पाहिल्या असत्या, तर मला तिथल्या तिथं नोटीस मिळाली असती. प्रत्येक वहीत दोन हातांचं अक्षर होतं. भागाकाराची सुरुवात गोल, ठळक अक्षरात, आणि बाकी उरायच्या आतच तिरपं, घाईतलं अक्षर सुरू. अधिकारी वह्या उघडत नसत हे माझं नशीब. ते कडेचे लाल शेरे तेवढे बघत, आणि शेरे सगळे माझ्या हातचे होते.

याला कारण टँकर. आमची शाळा फुलंब्री रस्त्याला, शहर जिथं संपतं तिथं होती. निदान मी रुजू झाले तेव्हा तरी ते तिथं संपायचं. पुढं ते दर सहा महिन्यांनी आणखी लांब जाऊन संपायला लागलं. टेकडी कापून प्लॉट पडले, ज्वारीच्या रानात चुन्याच्या रेघा आल्या, आणि शाळेच्या अगदी समोर नव्या इमारतींच्या जाहिरातीचा भलामोठा बोर्ड उभा राहिला. त्यावर निळ्याशार पोहण्याच्या तलावात एक गोरंगोमटं कुटुंब हसत उभं होतं. त्याच बोर्डाच्या सावलीत वस्तीतल्या लोकांचे रिकामे कॅन रांगेला लागायचे. ग्रामपंचायत म्हणायची, तुम्ही आता शहरात गेलात. महापालिका म्हणायची, तुम्ही अजून आमच्याकडं आला नाहीत. मधल्यामध्ये बोअर आटले. राहिला टँकर, आणि त्याला ना वार होता ना वेळ.

वस्तीतले आईबाप सकाळी सातलाच घराबाहेर. कुणी बांधकामावर, कुणी कंपनीत ठेकेदाराकडं, कुणी शहरात औरंगपुऱ्यातल्या दुकानात. टँकरचा हॉर्न वाजायचा तेव्हा वस्तीत कॅन उचलू शकेल असं माणूस म्हणजे माझा वर्ग, आधी तिसरीचा, पुढच्या वर्षी तोच चौथीचा. त्यातून एक रीत पडली. ती मी नाही पाडली, पोरांनी पाडली, मी डोळेझाक केली. हॉर्न वाजला की प्रत्येक बाकावरचं एक पोर उठायचं आणि एक बसून राहायचं. उठलेलं दोघांच्या घरचं पाणी भरायचं, बसलेलं दोघांच्या वह्या लिहायचं. पुढच्या खेपेला उलट. हजेरीला नाव पुकारलं आणि पोर जागेवर नसलं की त्याच्या बाकावरचं दुसरं सांगायचं, "पाण्याला गेलंय, बाई," आणि मी हजर मांडायचे. भांडणं व्हायची. तू माझं शुद्धलेखन चुकवलंस, तू आमचा कॅन अर्धाच भरलास. पण ती त्यांची ती मिटवायची, माझ्यापर्यंत काही यायचं नाही.

खिडकीजवळच्या बाकावर दोन मुली होत्या. त्यांची नावं मी सांगणार नाही. पुढं एका यंत्रानं त्यांना हिरवी आणि पिवळी म्हटलं, तेच इथं चालवते. हिरवीचे वडील इमारतींना रंग द्यायचे. रविवारी वस्तीतल्या विहारात वंदना म्हणायला हिरवीच पुढं असायची, आवाज खणखणीत, अक्षर त्याहून देखणं. पिवळी धनगराची. तिचे आईबाप सिल्लोडकडचे, मेंढरांमागं गावोगाव फिरणारे. पोरगी शिकावी म्हणून त्यांनी तिला आमच्या वस्तीत तिच्या आत्याकडं ठेवलं होतं. आत्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायची, सकाळी जायची ती दिवेलागणीला यायची.

नाव घालायला आली तेव्हाच आत्यानं मला सगळं सांगून टाकलं होतं. "शिकवा, माझं काय बी म्हणणं नाय. पण घरचं पाणी तिच्याकडं हाय. पाणी चुकाया लागलं तर मला तिला ठेवून घेणं जमायचं नाय, बाई. मग ती आपली मेंढरांमागं."

हे मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं, म्हणून आधीच लिहून ठेवते.

पिवळी वर्गात बोलायची नाही. विचारलं तर मान हलवायची, फार झालं तर ओढणीचं टोक चावायची. मी तिला मठ्ठ समजत होते असं नाही, पण तिच्या उत्तराची वाट पाहण्याइतका वेळ माझ्याकडं कधी नसायचा. एकदा मधल्या सुट्टीत टँकर आला आणि मी फाटकाशी उभी राहून पाहिलं. तिथं ही वेगळीच पोर होती. पन्नासेक कॅन रांगेत, तेलाचे, रंगाचे, ॲसिडचे धुऊन घेतलेले, आणि ही टँकरच्या मागच्या चाकाशी उभी राहून पाईप कुणाकडं द्यायचा ते सांगत होती. घरी राहिलेल्या चार-दोन मोठ्या बायकाही तिचं ऐकत होत्या. कोपऱ्यातल्या म्हातारीचा कॅन रांगेत नाही हे तिला एका नजरेत कळलं आणि तिनं एका पोराला तिकडं पिटाळलं. एवढे कॅन तू मोजतेस कधी, असं मी तिला नंतर विचारलं.

"मोजत नसत्यात, बाई," ती म्हणाली. "मेंढरं बी मोजत नसत्यात. कोणतं नाय ते दिसतं."

तर अशा या वर्गाला एकमेकांच्या सोबतीनं काम करायला शिकवायला एक यंत्र आलं.

शहरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजचा तो प्रकल्प होता. कॉलेजच्या एक तरुण मॅडम स्वतः दुचाकीवरून येऊन सगळ्या शाळा पाहून गेल्या आणि त्यांनी आमची निवडली. त्यांच्यावर राग धरायचा मी खूप प्रयत्न केला आहे, जमत नाही. पोरगी कामसू होती, पोरांशी प्रेमानं बोलायची. त्यांच्या अर्जात एक ओळ होती, की या भागातल्या मुलांना गटानं काम करण्याची सवय नाही. त्या ओळीखाली वर्गशिक्षिकेची सही लागत होती. मी केली. समोरच्या टेबलावर दोन अक्षरांच्या वह्यांचा ढीग होता आणि मी पेन उघडून सही केली. वर त्यांना चहाही पाजला.

यंत्र म्हणजे गुडघ्याएवढा पांढरा रोबो. गोल डोळे, मान वळायची, हात थोडे हलायचे. मंगळवारी आणि शुक्रवारी गाडीतून यायचा. पोरांनी त्याचं नाव पाहुणा ठेवलं, कारण त्याला माझी खुर्ची मिळायची, वर्गातला एकुलता एक पंखा त्याच्याकडं वळायचा, आणि तो पाहुण्यांसारखं पुस्तकी मराठी बोलायचा. "मित्रांनो, आज आपण सगळे मिळून काम करू या." हे वाक्य म्हणून पोरं आठवडाभर एकमेकांना चिडवत होती. बाथरूमला जाताना सुद्धा सगळे मिळून.

काम असं असायचं. एका टेबलाभोवती चार मुलं, प्रत्येकाच्या गळ्यात एका रंगाचा पट्टा आणि पुढ्यात एक छोटा माइक. मध्ये पडद्यावर मोकळी जागा. तिथं चौघांनी मिळून एक गाव वसवायचं, रस्ता कुठं, शाळा कुठं, विहीर कुठं. कोण जास्त बोलतंय, कोण गप्प आहे हे पाहुण्याला माइकवरून कळायचं. जो गप्प असेल त्याच्याकडं तो मान वळवायचा. "पिवळ्या मैत्रिणीचं मत अजून कळलं नाही. आपण वाट पाहू या." आणि खरंच थांबायचा. चारही माइकमध्ये हो आलं की मगच गावाचा पुढचा तुकडा पडद्यावर यायचा.

गट चिठ्ठ्या टाकून पाडले होते. आमच्या खिडकीच्या बाकावरच्या दोघी एकाच गटात आल्या. लाल पट्टा किराणा दुकानदाराच्या मुलाला, निळा पट्टा सिल्लोडहून आलेल्या पंक्चरवाल्याच्या मुलाला.

आता जे सांगते ते सांगायला मला आवडत नाही, पण सांगितलं पाहिजे. पहिल्या आठवड्यात पाहुण्यानं पिवळीकडं मान वळवली आणि तो थांबला. पोरं हसली, चुळबुळली, तो थांबलेलाच. मिनिट गेलं असेल. आणि पिवळी बोलली. पडद्यावरची विहीर बोटानं दाखवून म्हणाली, "हिर वर नको. खाली वढ्याकडं घ्या. वर पाणी लागत नसतं." चौघांत त्यावर खरीखुरी चर्चा झाली, विहीर खाली आली. कॉलेजच्या मॅडमचे डोळे भरून आले. मी मागं उभी होते आणि मला आधी लाज वाटली, मग त्या यंत्राचा हेवा. दोन वर्षांत मी तिच्यासाठी एक मिनिट थांबले नव्हते.

तेवढं श्रेय त्याचं त्याला देते. पुढचं मात्र पोरांचं. पाहुण्याला काय लागतं ते त्यांनी पंधरा दिवसांत ओळखलं. निळा मला हळूच त्याच्या घरच्या हिंदीत म्हणाला, "बाई, इसकू खाली हो होना." याला नुसतं हो लागतं. मग त्यांनी हो चा नंबर लावला, टँकरच्या रांगेला लावतात तसा. लाल हो, निळा हो, हिरवी हो, पिवळी हो. विहीर टेकडीच्या शेंड्यावर गेली तरी हो. गाव भराभर वसायचं. पाहुणा खूश, "छान! तुम्ही सगळे मिळून काम करत आहात." मॅडमच्या लॅपटॉपवर चार रंगांच्या रेघा अगदी सारख्या उंचीच्या दिसायला लागल्या. मला कळत होतं. मी मॅडमना बोलले नाही, कारण तोवर त्या मला माझं कौतुक सांगायला लागल्या होत्या.

मार्चमध्ये एका शुक्रवारी काम चालू असताना हॉर्न वाजला. पाण्याची पाळी पिवळीची. ती पट्टा काढून गेली. पाहुणा म्हणाला, "पिवळी मैत्रीण जागेवर नाही. आपण वाट पाहू या." आणि वाट पाहत बसला ती वीस-बावीस मिनिटं. मॅडमचं सगळं सत्र वाया गेलं. त्यांनी मला अगदी नरमाईनं विचारलं, की हे टाळता येईल का. टाळता येईल, मी म्हटलं. पाहुण्याच्या दिवशी या बाकाचं पाणी मागच्या बाकानं भरायचं असं मी ठरवून दिलं. पोरांची रीत होती तोवर ती बिनचूक चालायची. मी हात घातला आणि पुढच्याच मंगळवारी घोटाळा झाला. मागच्या बाकावरच्या पोरानं आपले दोन आणि यांचे दोन असे चार कॅन ओढताना पिवळीच्या घरचा तसाच ठेवला.

संध्याकाळी आत्या शाळेच्या फाटकाशी येऊन थांबली. आवाज चढवला नाही. एकदा झालं ते झालं, पण परत असं नको, एवढंच म्हणाली. मी म्हटलं, परत होणार नाही, माझा शब्द.

मग मोठा कार्यक्रम ठरला. शिक्षण खात्याचे साहेब, कॉलेजचे मोठे लोक, फोटोवाले, सगळे आमच्या शाळेत येऊन पाहुण्याचं काम बघणार. दाखवायला कुठला गट, याला काही विचारच करावा लागला नाही. गप्प मुलगी बोलायला लागली हाच त्यांचा पुरावा होता. मला सांगितलं गेलं की चौघं सुरुवातीपासून शेवटपर्यंत जागेवर हवीत, आणि बाकीचा वर्ग मागं शिस्तीत बसलेला हवा. मी हो म्हटलं. त्या दिवसांत सगळेच हो म्हणत होते, मी एकटीच कशाला मागं राहू.

आणि माझ्या मनात काय होतं तेही सांगते. अकरा वर्षं मी त्या रस्त्यावर स्कूटर घालत होते. डंपरची धूळ खाऊन केस पांढरे व्हायच्या आधीच पांढरे दिसायला लागले होते. माझं नाव कुणाला माहीत नव्हतं. मला फोटोत यायचं होतं. साहेबांनी मला नावानं हाक मारावी असं मला वाटत होतं. यात पोरांच्या भल्याचा काडीचा संबंध नव्हता.

त्या दिवशी टँकर येऊन चार दिवस झाले होते. म्हणजे तो कुठल्याही क्षणी येणार हे वस्तीतल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. मी सकाळी ठेवणीतली साडी नेसून येतानाच बोर्डाखाली कॅनची रांग पाहिली होती. दुपारी येईल, मी मनाशी म्हटलं. असं म्हणायला मला काहीही आधार नव्हता.

साहेब येऊन बसले, हार झाले, पाहुण्यानं "मित्रांनो" म्हटलं, गाव वसायला लागलं. आणि हॉर्न वाजला.

प्रत्येक बाकावरचं एक पोर उठलं. कुणी सांगितलं नाही, कुणी मागं-पुढं पाहिलं नाही. अर्धा वर्ग एका दमात उभा. साहेबांना वाटलं पोरं त्यांच्या मानासाठी उठली. त्यांनी हसून हात जोडले. "बसा, बसा," ते म्हणाले. मी मागून डोळे वटारले, "बसा." पोरं माझ्याकडं बघत खाली बसली. टेबलाशी पिवळी तेवढी उभी राहिली. पट्टा गळ्यातून अर्धा काढलेला.

"बाई, पाण्याला जाऊ?"

साहेबांच्या रांगेत खसखस पिकली. पोरीला तहान लागली असं त्यांना वाटलं असणार. कुणीतरी बाटली पुढं केली, थंडगार, बाहेरून पाणी सुटलेली. मी तिच्याजवळ गेले आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून खाली दाबलं. "दहा मिनिटं. बस." मग जाऊन वर्गाचं दार लावून घेतलं. आवाज येतो म्हणून, असं मी साहेबांना सांगितलं.

ती बसली. खिडकीतून तिला तो बोर्ड आणि टँकरचा मागचा भाग दिसत होता. हिरवी तिच्याकडं बघत होती. लाल हो, निळा हो, हिरवी जरा थांबून हो. पाहुण्यानं मान वळवली. "पिवळ्या मैत्रिणीचं मत अजून कळलं नाही. आपण वाट पाहू या." सगळी खोली थांबली. कॅमेरे तिच्याकडं वळले. बाहेर पाईप सोडल्याचा, कॅन आदळल्याचा, बायकांच्या ओरडण्याचा आवाज येत होता. तिनं खिडकीकडून मान वळवली, माझ्याकडं पाहिलं आणि माइकमध्ये म्हणाली, "हो."

टाळ्या पडल्या. मग भाषणं झाली. साहेबांनी खरंच माझं नाव घेतलं, दोनदा. पाऊण तासानं दार उघडलं.

टँकर गेला होता. मोठी माणसं घरी असलेल्या चार-दोन घरांचे कॅन भरले होते, बाकी सगळे आडवे पडले होते. माझा अख्खा वर्ग धावत बोर्डाखाली गेला आणि तिथं नुसता उभा राहिला. कुणी रडलं नाही. पिवळीनं आपला कॅन उभा करून पाहिला, झाकण लावलं. हिरवीनं दोघींचे कॅन उचलले, दोन्ही रिकामे, आणि घराकडं चालू लागली. मी व्हरांड्यात हार गळ्यात घालून उभी होते. तो काढायचंही मला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला. मध्ये पाहुणा, शेजारी मी, आणि कडेला हो म्हणताना तोंड उघडलेली पिवळी. कॉलेजवाल्यांनी त्या क्षणाचा व्हिडिओ पुढं बऱ्याच ठिकाणी दाखवला म्हणे. गप्प मुलगी बोलते तो क्षण.

तिसऱ्या दिवशी शाळा सुटताना आत्या आली, कँटीनचं कापड कमरेला तसंच खोचलेलं. कार्यक्रम चांगला झाला म्हणतात, असं म्हणाली. टोमणा नव्हता, तिला खरंच कुणीतरी तसं सांगितलं होतं. मग म्हणाली, दोन दिवस शेजारणीच्या दारात तांब्या घेऊन उभी राहिले, तिसऱ्या दिवशी तिनं दार उघडलं नाही. तिचंही बरोबर आहे. मी घाईघाईनं म्हटलं, मी रोज स्कूटरवर दोन कॅन घेऊन येईन, माझी जबाबदारी.

"तुमच्याकडं तरी रोज येतं का पाणी?" तिनं विचारलं.

औरंगपुऱ्यात आमच्या नळाला तेव्हा आठव्या दिवशी यायचं. 

"मला काय हौस हाय का, बाई. भावाची लेक हाय माझ्या. पण मी बोलले व्हते तुम्हाला." तिनं पदरानं तोंड पुसलं. "दाखला द्या."

परीक्षेला तीन आठवडे होते. मी तेही सांगून पाहिलं, हात जोडले, माझी चूक झाली म्हटलं. ती म्हणाली, चूक तुमची असली तरी पाणी माझ्या घरातलं गेलं.  रविवारी तिचा भाऊ, म्हणजे पिवळीचा बाप, सिल्लोडहून जीपनं आला आणि पोरीला घेऊन गेला. जाण्याआधी पिवळी हिरवीच्या घरी गेली आणि आपली गणिताची वही तिच्याकडं ठेवून आली. रीतच होती ती. जो पाण्याला जातो त्याची वही बसलेल्यानं लिहायची.

सोमवारी हजेरीला मी सवयीनं तिचं नाव पुकारलं. खिडकीच्या बाकावरून काही आलं नाही.

पाहुण्याची अजून दोन सत्रं राहिली होती. पहिलं कसं पार पडलं ते मी पाहिलं नाही, मी बाहेर ऑफिसात बसून होते. शेवटच्या शुक्रवारी मात्र मॅडमनी मला बोलावून घेतलं. तीन मुलं टेबलाशी, चौथी खुर्ची रिकामी, तिच्यापुढं माइक आणि पिवळा पट्टा ठेवलेला. मॅडम अडचणीत होत्या. पिवळा रंग यादीतून काढला तर या गटाची सगळ्या महिन्यांची माहिती बाद होत होती. ठेवला तर पाहुणा पुढं जात नव्हता. मागच्या सत्रात त्यांनी कसंबसं निभावलं, आज शेवटचा तुकडा उरला होता, गावाची कमान. नुसतं एक हो हवं होतं. हिरवीनं पिवळीच्या माइकमध्ये हो म्हणावं, असं त्यांनी तिला सांगून पाहिलं होतं. ती ऐकत नव्हती.

मी हिरवीजवळ गेले. शहाणपणा करायचं मला तेव्हाही सुचलं. म्हटलं, "तू तिची वही लिहितेस ना रोज? मग हे पण तसंच. तिच्या वतीनं."

हिरवीनं माझ्याकडं पाहिलं. तिचा आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता.

"वही लिहिते, बाई. ती आल्यावर तिला वाचाया मिळावी म्हणून. तिचं हो मी नाय म्हणणार. त्या दिवशी तिला पाण्याला जायचं व्हतं."

मी लालकडं पाहिलं, त्यानं मान खाली घातली. निळ्यानं दोन्ही हात टेबलाखाली घेतले. तिघांनी आपसात काही ठरवलेलं नव्हतं, निदान माझ्यासमोर तरी नाही. पाहुण्यानं रिकाम्या खुर्चीकडं मान वळवली. "पिवळ्या मैत्रिणीचं मत अजून कळलं नाही. आपण वाट पाहू या." दोन मिनिटांनी पुन्हा तेच म्हणाला. मग पुन्हा. आवाजात कंटाळा नाही, राग नाही. बाहेर कॉलेजची गाडी चालू करून ठेवलेली होती. मॅडम घड्याळ बघत होत्या, मग माझ्याकडं बघायला लागल्या.

मी खाली वाकले, पिवळा माइक हातात धरला आणि आवाज बारीक करून म्हटलं, "हो."

"छान!" पाहुणा म्हणाला. "सगळ्यांचं मत कळलं. चला, पुढे जाऊ या."

पडद्यावर कमान आली. तिघांतल्या कुणीही तिला हात लावला नाही, तेव्हा मॅडमनीच बोटानं ओढून ती वेशीवर ठेवली. पुढं अहवाल आला, त्यात आमच्या गटाचा सहभाग पूर्ण दाखवला होता आणि आभारात माझं नाव होतं. मी तो कपाटात सर्वांत खाली ठेवला.

परीक्षेआधी वह्या जमा केल्या. हिरवीनं एकच दिली. मी म्हटलं, दुसरी? ती लिहीत होती हे मला माहीत होतं, रोज दिसत होतं. तिनं दप्तराच्या तोंडावर हात ठेवला.

"ती तिला दाखवायची हाय, बाई. तुम्हाला नाय."

मी पुढं केलेला हात मागं घेतला आणि पुढच्या बाकाच्या वह्या मागितल्या.